कुणी बघत नसताना



सेवा आटोपली की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. फोटो काढला का? ग्रुपवर टाकला का? त्यात वाईट काही नाही, लांबच्या मंडळींनाही कळतं की काम झालं. पण त्यातूनच दुसरा प्रश्न निघतो. बघणारं कुणीच नसतं, कधी कळणारही नसतं, तर आपण तेच काम तेवढ्याच मनापासून केलं असतं का? आजचा विचार याच प्रश्नावर. सोबतीला घेऊया चंदीगडचे नेकचंद सैनी.

नेकचंदजींचा जन्म १९२४ चा. त्यांचं खेडं आज पाकिस्तानात आहे. फाळणीत गाव सुटलं आणि पुढे चंदीगडला सार्वजनिक बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टरची नोकरी लागली. तेव्हा ल कॉर्बुझिए यांच्या आराखड्याप्रमाणे नवं शहर उभं राहत होतं, आणि त्यासाठी तिथली जुनी खेडी उठवली जात होती. घरं पडली की मागे मलबा उरायचा. फुटक्या कपबश्या, बांगडीच्या काचा, फरशा, मोडक्या सायकली. स्वतःचं गाव गमावलेला हा माणूस दुसऱ्यांच्या गेलेल्या गावांचे तुकडे वेचून सायकलवरून आणायचा.

सुखना तलावाजवळच्या झाडीत, जिथे बांधकामाला मनाईच होती, तिथे त्यांनी हा माल साठवला आणि काम सुरू केलं. कला कुठे शिकलेले नव्हते. टाकून दिलेल्या वस्तूंनी भिंती सजवल्या. सायकलच्या सांगाड्यावर सिमेंट चढवून माणसं, पक्षी, जनावरं घडवली आणि अंगावर बांगड्यांचे, कपबश्यांचे तुकडे बसवले. दिवसा नोकरी, उरलेल्या वेळात हे. रात्री उजेडाला जुने टायर जाळायचे, असं सांगतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेलं हे काम सरकारी माणसांच्या नजरेस पडलं ते १९७५ च्या सुमारास. तोवर जवळजवळ १८ वर्षं गेली होती आणि काम कित्येक एकर पसरलं होतं.

आता कुणी म्हणेल, लपून केलं ते काही निरिच्छ वृत्तीने नाही, भीतीने केलं. जागा सरकारी, नोकरी सरकारी. बरोबर आहे. आणि हेतू चांगला असला की नियम मोडायला मोकळीक मिळते, असा अर्थ यातून कुणी काढू नये. ती जागा मोकळी ठेवण्यामागेही शहराचं हित होतंच. नेकचंदजींना उगाच संत करायचं कारण नाही.

तरी एक गोष्ट उरतेच. कारण काहीही असो, १८ वर्षं शाबासकी नव्हती. पैसा नव्हता. उद्या सगळं पाडलं जाईल ही शक्यता रोजची होती. अशा वेळी हात कशाच्या जोरावर चालतो? फुटक्या बशीचा तुकडा ओल्या सिमेंटमध्येच दाबावा लागतो. सिमेंट सुकलं की त्याची जागा बदलता येत नाही. त्यामुळे तेवढा वेळ मन तिथेच लागतं. पुढे कोण काय म्हणेल याला त्या क्षणी जागाच उरत नाही. मला वाटतं, त्यांचा मोबदला त्यांना तिथल्या तिथे, रोज मिळत होता. म्हणून पुढच्या मोबदल्यावाचून काम अडलं नाही.

फळाची आशा सोडा, हे आपण किती वेळा ऐकतो! पण त्याचा अर्थ आपण पुष्कळदा चुकीचा लावतो. आशा सोडायची म्हणजे कामाबद्दल बेफिकीर व्हायचं, 'झालं तर झालं' म्हणायचं, असं वाटतं. नेकचंदजींचं पुढचं आयुष्य बघा. लोकांनी बाजू घेतली, बाग वाचली आणि १९७६ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. त्यांना पगार आणि हाताखाली ५० कामगार मिळाले. १९८४ मध्ये पद्मश्री आली. नंतर बागेवर संकटं आली तेव्हा ते गप्प बसले नाहीत, बाग राहावी म्हणून झगडले. मग ही आसक्ती म्हणायची का?

मला नाही वाटत. आई मुलाला जपते ते म्हातारपणी सांभाळेल या हिशोबाने नाही. पण मुलावर संकट आलं की ती धावतेच. कामाची काळजी वेगळी आणि कामातून आपल्याला काय मिळेल याची काळजी वेगळी. पहिली असावीच. दुसरी जितकी कमी, तितका हात मोकळा. कौतुक मिळाल्यावरही नेकचंदजी काम करतच राहिले, म्हणजे कौतुकानेही हात थांबला नाही आणि कौतुकावाचूनही थांबला नव्हता. परीक्षा इथेच होते.

नेकचंदजी २०१५ मध्ये गेले. मार्च २०२५ मध्ये रस्ता रुंद करण्यासाठी आणि हायकोर्टाच्या पार्किंगसाठी रॉक गार्डनच्या एका भिंतीचा काही भाग पाडला गेला. नागरिकांनी विरोध केला, वाईटही वाटलं. वाटायलाच हवं, कारण जे मनापासून झालंय ते जपणं आपलं काम आहे. पण भिंत पडली म्हणून ती घडवताना जे घडलं ते पुसलं गेलं का? भिंत पाडता येते. त्या रात्री नाही पाडता येत.

आपली सेवा याच मापाने तोलून बघू. सभामंडप झाडताना सतरंजीखालचा केर आपण काढतो का? प्रसादाची भांडी घासताना बाहेरून चकाकतं तेवढंच पातेलं आतूनही स्वच्छ असतं का? आजारी शेजाऱ्याकडे डबा नेला, तर ते कुणाला सांगितल्याशिवाय राहवतं का? फोटो काढू नका, असं म्हणणं नाही. या आठवड्यात एखादंच काम असं करा, ज्याचा फोटो नाही, उल्लेख नाही, घरच्यांनाही पत्ता नाही. मग रात्री शांत बसून बघा, मनात काय उरतं ते. चुटपुट उरली तरी हरकत नाही. आपला हात कशावर चालतो, एवढं तरी त्यातून कळेल.