रविवारची शर्यत

धावून आला असाल तर लगेच अंघोळीला पळू नका. ओट्यावर टेका, बुटांच्या नाड्या सैल करा आणि श्वास जागेवर येईपर्यंत नुसते बसून राहा. आज किती वेगाने धावलात ते नंतर बघता येईल. छाती वरखाली होते आहे, तिच्याकडेच लक्ष असू द्या. हा श्वास आपण कमावलेला नाही, देवाने दिलेला आहे. सकाळची प्रार्थना म्हणून एवढं आठवणंही पुरेसं आहे.

आता पायांकडे बघा. पावसाळा असेल तर तळव्यांना काळी माती चिकटून आली असेल, बूट दुप्पट जड झाला असेल. काडी घ्या आणि खाचांतली माती सावकाश काढा, घाई करू नका. काढता काढता आजचा रस्ता आठवा. बीड शहरातले असाल तर पालीकडे, बिंदुसरेच्या तलावाच्या बाजूला गेला असाल; आष्टी-पाटोद्याकडचे असाल तर बालाघाटाचा एखादा चढ चढला असाल. वाटेत पोलीस भरतीची पोरं भेटलीच असतील. मुलं 1600 मीटरची, मुली 800 मीटरची तयारी करतात. सेकंद दोन सेकंद कमी झाले तर घरात पगार येईल, म्हणून ती पळतात. तुम्ही हौसेने पळता. कुणी शाळेवर आहे, कुणी बँकेत, कुणाचं दुकान आहे. हौसेला कमी लेखायचं कारण नाही. पण रोज समोरून येणाऱ्या त्या पोरांपैकी एकाचं तरी नाव तुम्हाला ठाऊक आहे का? नसेल तर उद्या थांबून विचारा. तुमच्या वेळेतलं अर्धं मिनिट जाईल, ते जाऊ द्या.

मग डोळे मिटा आणि करिंथ शहर मनात आणा. पौल तिथे दीड वर्ष राहिला. दिवसा तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याचं काम करी, त्यांच्याच घरी राही, आणि शब्बाथाला सभास्थानात जाऊन लोकांशी बोले. शहरापासून जवळच इस्थमसला दर दोन वर्षांनी खेळ भरत. जिंकणाऱ्याच्या डोक्यावर झाडपाल्याचा मुकुट चढे आणि तो थोड्याच दिवसांत वाळून जाई. पुढे करिंथकरांना पत्र लिहिताना पौलाला धावणारे आठवले, त्यांचा संयम आठवला, आणि नाशवंत मुकुटासाठी एवढे कष्ट घेतात तर आपण कशासाठी घेतो, हा प्रश्न त्याने मंडळीपुढे ठेवला. या माणसाकडे थोडा वेळ बघत राहा. हाताला राठ कापडाचे घट्टे, जेवायला सोबत दोन मित्र, आणि मनात शर्यतीचं मैदान. काम, मैत्री आणि भक्ती यांच्यासाठी त्याने वेगवेगळे कप्पे केले नव्हते. तंबू शिवताना ज्यांच्याशी बोलणं व्हायचं, तेच पुढे मंडळीच्या कामात त्याचे सोबती झाले. मला हे वाचून फार धीर येतो, कारण दिवसाचे सारखे वाटे घालायचा हिशेब आपल्याला कधीच जमत नाही. मार्चअखेरीला ऑफिस सगळा वेळ खातं, सुगीत शेत खातं, आणि घरात आजारपण निघालं की धावणं महिना महिना बाजूला पडतं.

इथे आपल्या जिल्ह्यातलाच एक माणूस आठवू या. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. आई-वडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटरवर, रोज पायी नाहीतर पळत. बारावीनंतर महार रेजिमेंट, सियाचेनचा बर्फ, राजस्थानची वाळू. शर्यतींकडे तो वळला 2015 साली, लष्करात असतानाच. त्याची शर्यत 3000 मीटर स्टीपलचेस. तिच्यात 28 अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात. साध्या हर्डल्समध्ये पाय लागला तर अडथळा पडतो. स्टीपलचेसचा अडथळा जागचा हलत नाही, पाय लागला तर माणूसच पडतो. म्हणून धावणारा त्याच्यावर चिडत नाही. तो आधीच पावलं मोजून येतो, पार होतो, वाटलं तर त्याच्यावर पाय रोवून पुढे जातो. 2022 ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेने 8 मिनिटं 11.20 सेकंदांत रौप्य मिळवलं. सुवर्ण हुकलं ते 0.05 सेकंदाने.

तुमच्या आठवड्यातला न हलणारा अडथळा कोणता, तो मनात आणा. रात्रपाळी असेल, वडिलांना दवाखान्यात नेणं असेल, धाकट्याची शिकवणी असेल. तो सरकावा अशी प्रार्थना आपण सहज करतो. आज तशी करू नका. त्याच्याकडे येताना माझं पाऊल नीट पडू दे, एवढंच मागा. मागून झालं की थोडा वेळ गप्प राहा.

आता मित्र. धावताना शेजारी कोण असतं? आणि कोण असायचं, जे आता नसतं? आपल्याकडे दिवाळी सरली की गावं अर्धी रिकामी होतात. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात आणि उन्हाळा लागला की परततात. श्रावणात तुमच्याबरोबर पळणारा एखादा आत्ता, या घटकेला, अंधारात मोळ्या बांधत असेल. त्याचं धावणं सुटलं, अंग मोडेपर्यंतचे कष्ट मात्र सुटले नाहीत. त्याचा चेहरा आठवा आणि नाव घेऊन प्रार्थना करा. उद्याच्या धावेतला एक किलोमीटर त्याच्या नावाने धावा आणि संध्याकाळी फोन करा. फोन राहिला तर प्रार्थना अर्धीच झाली, असं माझं मत आहे.

शेवटी रविवार. इथे सावकाश जाऊ, कारण ख्रिस्ती धावणाऱ्याची खरी ओढाताण इथेच होते. मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या रविवारी असते, आणि हौशी लोकांच्या बहुतेक शर्यती सुट्टीचा वार म्हणून रविवारीच भरतात. आपली उपासनाही त्याच सकाळी. उपासना संगीताचं पुस्तक उघडून मंडळी उभी राहते तेव्हा तुम्ही कुठल्यातरी अनोळखी शहरात अठराव्या किलोमीटरवर असता.

एरिक लिडेलची गोष्ट आपल्या चर्चमध्ये पुष्कळदा सांगतात. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती, म्हणून त्याने ती शर्यतच सोडली. त्या रविवारी तो पॅरिसमधल्या स्कॉटिश चर्चमध्ये बोलायला उभा राहिला, आणि 11 जुलैला 400 मीटर 47.6 सेकंदांत जिंकला. गोष्ट सहसा इथे संपवतात. मला तिचा पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. पुढच्याच वर्षी तो चीनला मिशनरी म्हणून गेला, तिएन्त्सिनच्या शाळेत मुलांना विज्ञान शिकवू लागला. युद्धात जपान्यांनी त्याला वेइशेनच्या छावणीत डांबलं. तिथे रविवारी पोरं हॉकी खेळायची आणि पंच नसल्यामुळे मारामाऱ्या व्हायच्या. लिडेल आधी रविवारी मैदानावर जायला तयार नव्हता. मारामारी झाली, आणि पुढच्या रविवारी तो स्वतः पंच म्हणून उभा राहिला. त्याच छावणीत 21 फेब्रुवारी 1945 ला, 43 व्या वर्षी, तो गेला.

या दोन रविवारांना मनात शेजारी शेजारी ठेवा. सुवर्णपदकासाठी ज्याने रविवार मोडला नाही, त्याने भांडणाऱ्या पोरांसाठी तो मोडला. पहिल्यात तो स्वतःचा मान देवापुढे ठेवतो, दुसऱ्यात स्वतःचा नेमही. मग स्वतःला विचारा: मी उपासना चुकवतो ती कुणासाठी? आणि न चुकता जातो तेही कुणासाठी? आपण रविवारी धावलो नाही या तोऱ्यात बाकावर बसलेल्या माणसालाही हा प्रश्न सोडत नाही. उत्तर आलं नाही तरी उठायची घाई नको.

रविवारी धावणं पाप आहे असं मी म्हणणार नाही. पण लांब पल्ल्याचा सराव शनिवारी पहाटे होतो आणि बहुतेक रविवार मोकळे राहू शकतात. पुढच्या शर्यतीचे पैसे भरण्याआधी घरच्यांना तारीख सांगा, पाळकसाहेबांना सांगा, आणि त्या सकाळी तुमच्या जागी संडेस्कूलचा वर्ग कोण घेणार ते ठरवा. कुणीच मिळालं नाही, तर यंदा ती शर्यत राहू द्या.