सनदेवाचून दिलेले

दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले, त्या काळी महाराजबाड्याला लागून उभी राहिलेली गोरखी ही प्रथम राजनिवास होती; राजघराणे तेथून हलल्यावर तिच्यात कचेऱ्या आल्या, शाळा आली, जिच्या विद्यार्थ्यांत अटलबिहारी वाजपेयी होते, आणि या सर्व स्थित्यंतरांत जे जागचे हलले नाही ते शिंद्यांचे देवघर. दसऱ्याची पूजा तेथे होते, आणि बीडच्या ज्या मन्सूरशहा अवलियाला महादजींनी गुरू मानले, त्याचा उरूसही तेथेच भक्तिभावाने पार पडतो. अशा वास्तूच्या सान्निध्यात राहणाऱ्याला, घेणारा कोण आणि देणारा कोण, हा प्रश्न वारंवार पडत राहावा हे स्वाभाविक आहे. कारण येथे एका पराक्रमी सेनापतीने एका फकिरापुढे हात पसरल्याची आठवण पिढ्यानपिढ्या अभिमानाने जपली गेली आहे.

संस्थानचा दानधर्म मात्र कागदावर चाले. देवळांना आणि दर्ग्यांना लावून दिलेल्या जमिनींची व्यवस्था माफी-औकाफ या नावाने होई, आणि त्या नावाच्या नोंदी या भागातील महसुली दप्तरांत आजही आढळतात. सनद, नेमणूक, वर्षासन ही सारी त्या शिरस्त्याची अंगे. या पद्धतीविषयी मला मनापासून आदर आहे, कारण लहर ही औदार्याची मोठी वैरीण होय, आणि ज्याचे देणे दप्तरात चढले त्याला रोज उठून कोणाच्या मर्जीकडे पाहावे लागत नाही. परंतु दरबारी आश्रयाचा पुष्कळसा भाग असा सनदेत बांधलेला नसतो. तो धन्याच्या आवडीवर उभा असतो आणि धन्याबरोबरच मावळतो.

१८८६ साली जयाजीराव महाराज निवर्तले, आणि त्यांच्या पदरी असलेल्या निसार हुसेन खाँ यांचा आधार तुटला. हद्दू खाँ आणि हस्सू खाँ यांचे बंधू नत्थू खाँ, त्यांचे हे दत्तक पुत्र. ख्यालगायकीचे भांडार ज्यांच्या कंठात साठलेले, असा हा गवई उतारवयाकडे झुकत असता निराश्रित झाला. तेव्हा लष्करातील शंकरराव पंडितांच्या कुटुंबाने त्यांना आपल्या घरी आणून ठेवले. सोवळ्याओवळ्याचा तो काळ, मराठी ब्राह्मणाचे ते घर, आणि आलेला पाहुणा मुसलमान. आळीत काय काय बोलले गेले असेल याची कल्पना करता येते. खाँसाहेबांनीही त्या घराचा आचार इतका आपलासा केला, की जानवे घालून ते स्वतःस निसारभट म्हणवीत, असे गवयांच्या मंडळींत सांगतात.

यावर कोणी म्हणेल की यात औदार्य ते कसले, पंडितांना त्या मोबदल्यात विद्या मिळाली. हा आक्षेप मी पुष्कळ वेळ मनात घोळवला, आणि मला असे वाटू लागले की या प्रसंगाचे सारे मोल त्याच ठिकाणी आहे. ज्याचे सर्वस्व गेले आहे त्याला अन्नवस्त्र देणारे शहरात चार जण तरी निघतात. परंतु त्याच्यापाशी अजून जे उरले आहे ते घ्यावयास, आणि घेताना खाली बसावयास, फार थोडे तयार होतात. ज्या घराची चूल पाहुण्याला पोशीत होती त्या घराचा कर्ता तंबोरा घेऊन त्याच पाहुण्यासमोर शिष्य म्हणून बसला, आणि म्हणून खाँसाहेब त्या घरात आश्रित न राहता उस्ताद राहिले. १८९३ मध्ये जन्मलेल्या शंकररावपुत्र कृष्णराव पंडितांना ही विद्या घरातूनच मिळाली. १९१४ मध्ये त्यांनी शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि १९८९ मध्ये देह ठेवीपर्यंत ती गायकी सांभाळली.

खाँसाहेबांच्या त्या काळात मराठी घरांतून गरीब विद्यार्थ्यांना वार लावून देण्याची रीत होती. सोमवारी एका घरी जेवण, मंगळवारी दुसऱ्या, असा आठवडा भरे. या रीतीत जातीची कुंपणे होती, पंक्तिभेदाचे डंख होते, आणि शिळे वाढणारे हातही होते. ते झाकून तिचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. तरी एक गोष्ट तिच्यात उत्तम होती: मुलाला रोज मागावे लागत नसे. वार ठरला की ते पान त्याचे झाले, आणि घरातील माणसे त्याची वाट पाहत.

आज आपले देणे बहुधा सणावारी आणि पुण्यतिथीला उसळते. जयारोग्य रुग्णालयाच्या आवारात भिंड, मुरैना, श्योपूरकडून आलेल्या रोग्यांचे नातलग पौषाच्या थंडीत उघड्यावर रात्र काढतात. त्यांना संक्रांतीला कांबळी वाटली जातात, फोटो निघतात, आणि माघात कोणी फिरकत नाही. कचेरीच्या दाराशी हातात कागद घेऊन उभी असलेली वृद्धा दहा रुपयांहूनही अधिक या गोष्टीची भुकेली असते, की कोणी तिचा अर्ज वाचून दाखवावा, चुकलेला खातेक्रमांक दुरुस्त करावा, आणि साहेबांपुढे तिच्यासोबत अर्धा तास उभे राहावे. तिच्या टोपलीत मुळे असतील आणि तिने त्यातले दोन आपल्या पिशवीत घातले, तर ते नाकारू नयेत.

माझी वाचकांस विनंती एवढीच आहे, की प्रत्येक घराने आठवड्यातील एक वार ठरवावा आणि एकच माणूस किंवा एकच कुटुंब आपले मानावे, त्याचे नाव-गाव विचारावे, आणि त्याला काय येते, तेही विचारावे. मंगळवार ठरला असेल तर डबा मंगळवारीच पोचला पाहिजे; त्या दिवशी आपल्या घरी पाहुणे असले, पाऊस असला, किंवा गेल्या खेपेस त्या माणसाने आभाराचा शब्दही काढला नसला, तरीसुद्धा.