काळ्या पाषाणातले दोन संशयित

चिखलीच्या परिसरात विहीर खणताना काळी माती संपली की मुरूम लागतो, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा पाषाण. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भेगांतून उसळून थरावर थर साचलेला हा लाव्हा. दख्खनच्या या बेसाल्टने आजही जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर भूमी व्यापली आहे. चिखलीच्या आग्नेयेला, सरळ रेषेत 50 किलोमीटरच्या आसपास, त्याच बेसाल्टमध्ये लोणारचे विवर आहे. डायनोसॉरांच्या विनाशाचा आळ ज्या दोघांवर येतो, ते ज्वालामुखी आणि अशनी असे एकाच जिल्ह्यात भेटतात. लोणारचा अशनी मात्र या आरोपातून सुटतो. तो कोट्यवधी वर्षांनंतर आला.

सभोवती सगळा लाव्हाच असल्याने लोणार हे ज्वालामुखीचे मुख असावे, हा जुना समज गैर नव्हता. अमेरिकी भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी 1896 मध्ये ॲरिझोनातील विवराशी त्याचे साम्य हेरले. पण त्या विवरालाही ते वाफेच्या स्फोटाचेच फळ मानत होते. साम्य बरोबर, निष्कर्ष चुकीचा. निकाल लागला तो 1973 मध्ये, तळाच्या गाळाखालून काढलेल्या खडकाच्या नमुन्यांवरून. त्यांतील फेल्डस्पार स्फटिकांचे न वितळताच काचेत रूपांतर झाले होते. त्यासाठी लागणारा क्षणिक दाब ज्वालामुखीच्या आवाक्यातला नाही. जवळपास 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवराचे वय मात्र एका पद्धतीने सुमारे 52 हजार वर्षे, तर आर्गॉन पद्धतीने 5 लाख 70 हजार वर्षे निघते. ‘काय घडले’ हे ठरले तरी ‘केव्हा’ हे ठरत नाही, आणि मोठ्या खटल्यातही घोडे इथेच अडले.

तो खटला 1980 मध्ये उभा राहिला. लुईस व वॉल्टर अल्वारेझ या पिता-पुत्रांना सहकाऱ्यांसह इटलीतील गुब्बिओच्या चुनखडकात, डायनोसॉर नष्ट झाले त्या क्रेटेशस कालखंडाच्या अखेरच्या चिकणमातीत इरिडियमचे प्रमाण नेहमीच्या 30 पट आढळले. पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ असलेला हा धातू अशनींमध्ये मुबलक असतो. पुढे 1991 मध्ये मेक्सिकोतील चिक्षुलुबचे गाडले गेलेले, सुमारे 180 किलोमीटर व्यासाचे विवर हीच अशनीच्या आघाताची जागा म्हणून पुढे आले. दुसरीकडे फ्रेंच भूशास्त्रज्ञ कूर्तियो यांनी 1986 मध्ये खडकांतील चुंबकत्वावरून दाखवले, की दख्खनचा बहुतांश लाव्हा भूशास्त्रीय हिशेबाने फार थोड्या काळात ओतला गेला. कच्छमधील अंजारला लाव्हाच्या थरांमधल्या गाळात इरिडियम सापडले. खालीही लाव्हा, वरही लाव्हा. ते इरिडियम त्याच अशनीचे असेल, तर उद्रेक त्याच्या आधीच सुरू झाले होते.

मग दोघांना एकत्र गोवणारा विचार आला. रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी 2015 मध्ये मांडले, की चिक्षुलुबच्या आघाताने 11 च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला असावा. कोयनेच्या 1967 च्या भूकंपाहून ऊर्जेत तो सुमारे एक कोटी पट भरतो. त्या हादऱ्याने आधीच धुमसणाऱ्या दख्खनच्या लाव्हाला आणखी वाट मिळाली आणि वाई-महाबळेश्वरच्या घाटांत दिसणारे प्रचंड थर साचले, असा हा तर्क. कल्पना देखणी आहे; देखणेपण हा पुरावा नव्हे.

कसोटी होती तारखांची. पश्चिम घाटातील थरांवर 2019 मध्ये दोन गटांचे निष्कर्ष एकाच वेळी प्रसिद्ध झाले. लाव्हाच्या थरांमधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यांत राखेतून आलेले झिर्कॉनचे कण मिळतात. त्यांतील युरेनियम-शिसे मोजणाऱ्या गटाला चार मोठे उद्रेक दिसले. त्यांपैकी एक विनाशाच्या अगदी आधीचा. खुद्द बेसाल्टमधला आर्गॉन मोजणाऱ्यांच्या मते सुमारे तीन-चतुर्थांश लाव्हा विनाशानंतरचा. खडक तेच, घड्याळे दोन.

लाव्हा मोजला म्हणजे हवामानावरचा परिणाम मोजला, असेही नाही. लाव्हा बाहेर पडण्याआधीच खोलवरच्या शिलारसातून कार्बन डायऑक्साइड निसटू शकतो. समुद्रतळातील गाळातून तेव्हाच्या तापमानाचा माग काढणाऱ्या 2020 च्या अभ्यासात वायूंमुळे झालेली मोठी तापमानवाढ आघाताच्या बऱ्याच आधी ओसरलेली दिसली. त्यामुळे विनाशाचा मुख्य दोष आज अशनीकडे झुकतो. विनाशानंतर सजीवसृष्टी सावरण्याचा वेग दख्खनच्या वायूंनी किती बदलला, हा वाद चालूच आहे.