तळहातावरची कणी

माणसाने आयुष्यात निदान एकाचा तरी पूर्ण विश्वास संपादन करावा, असे वडीलधारे सांगतात. घरात ते जमण्याची लक्षणे दिसेनात, म्हणून मी कोंबड्यांकडे वळलो.

आमच्या चिपळूणच्या परसात चार गावठी कोंबड्या आणल्या. मी प्रेमाने वाकलो, की त्या खुराड्यात आकांत मांडीत. पुढे उलगडा झाला. कोंबडीच्या हिशेबात वरून झेपावते ती घार. माझा मायेचा हातही तिच्या लेखी घारच! मग मी सरळ जमिनीवर बसलो. रोज सकाळी सातला, त्याच जागी, तळहातावर तांदळाची कणी घेऊन, न हलता. नोकरीत इतकी नम्रता दाखवली असती तर बढती मिळाली असती.

चौथ्या दिवशी तांबडीने मान वाकडी करून एका डोळ्याने मला तपासले. दहाव्या दिवशी एक दाणा पळवला. तिसऱ्या आठवड्यात मांडीवर चढली, आणि चक्क डोळे मिटून बसली. मला भरून आले.

“कणीसाठी बसलीय ती,” सौ. म्हणाली.

“कणी केव्हाच संपली.”

“मग तिला अजून कळलं नसेल.”

बर्ट्रांड रसेलने १९१२ सालच्या ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसफी’ या पुस्तकात अशीच एक कोंबडी आणली आहे. तिला रोज दाणे घालणारा माणूसच शेवटी तिची मान मुरगळतो. कालपर्यंत घडले ते उद्याही घडेलच असे नाही, हे त्याला सांगायचे होते. बरोबर आहे. पण यात चूक निघाली ती कोंबडीच्या तर्काची. मुरगळणाऱ्या हाताला कुणी काही विचारलेच नाही!

तो प्रश्न माझ्या दारात आला दोन वर्षांनी. तांबडीची अंडी कमी झाली होती, आणि मुंबईहून मेहुणे आले होते. “वडे तर होणारच,” ते तांबडीकडे बघत म्हणाले, “मग बाजारात कशाला जायचं?”

मी बाजारात गेलो. बाजारातली कोंबडी मी खातो. तीही कुणाच्या तरी मांडीवर बसली असती, हे मला कळते. माझा युक्तिवाद लंगडा आहे. पण तांबडी मुळात मला घाबरत होती, आणि ते शहाणपण होते. तीन आठवडे खपून ते मीच घालवले. ज्याची भीती आपण घालवली, त्याला जपण्याची जबाबदारी आपल्यावर येते, एवढेच माझे तत्त्वज्ञान. चार वड्यांपुढे ते टिकले, याचे मलाच नवल वाटते.

मेहुणे अजून हसतात. तांबडी रोज सातला येते. आणि हल्ली मला उठायला उशीर झाला, तर सौ.च मूठभर कणी घेऊन जमिनीवर बसलेली असते.