आधी डोळे पुसा, मग ऐका

दहावी ‘अ’, जागेवर बसा. निरोप समारंभाला अजून आठवडा आहे, रडायचं ते तेव्हा रडा. आज ऐकून घ्या.

‘आमचा वर्ग म्हणजे एक कुटुंब’ असं तुमच्यातल्या एकाने भाषणात लिहून आणलं होतं. मी कागद परत केला. घरात कोण जेवलं, कोण उपाशी राहिलं, हे घरच्यांना ठाऊक असतं. तुम्हाला ठाऊक आहे? आठवीपर्यंत शालेय पोषण आहाराची खिचडी मिळत होती, तोवर सगळे व्हरांड्यात एका पंगतीला बसत होतात. नववीत खिचडी बंद झाली, डबे आले आणि पंधरा दिवसांत या वर्गाचे चार कंपू झाले. डब्यात काय आहे ते बघून कुणी कुणाशेजारी बसायचं ते ठरू लागलं. शेवटच्या बाकावरची मुलगी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात का जाते, हे तुमच्यापैकी एकीनेही तिला विचारलं नाही. आज ती आलेली नाही, म्हणून उघड बोलते. ती पुस्तकं वाचायला जात नाही. कपाटाच्या आड बसून डबा खाते, एकटी जेवताना कुणाला दिसू नये म्हणून.

आता निरोप समारंभाच्या साडीचं. ‘सगळ्यांनी जांभळी काठपदराचीच नेसायची’ असं ग्रुपवर फर्मान काढलंत. कुणाच्या घरी तशी साडी नसेल, नवी घ्यायची ऐपत नसेल, हे एकीच्याही मनात आलं नाही? काही जणी माझ्याकडे त्या दिवसाच्या रजेचे अर्ज घेऊन आल्या. म्हणे गावाला जायचंय. परीक्षा तोंडावर असताना कोण गावाला जातं?

मुलांनो, खाली बघू नका, तुमच्याकडेच वळतेय. रंगावरून, बापाच्या धंद्यावरून, आडनावावरून नावं ठेवलीत आणि ‘गंमत’ म्हणून खपवलीत. ज्याला चिडवतो तो स्वतः हसतो, मग त्याला चालतं, असं मला सांगू नका. हसला नसता तर तुम्ही त्याला खेळायला घेतलं नसतं, म्हणून तो हसत होता. 3 जानेवारीला याच फळ्यावर सावित्रीबाईंचं चित्र काढलंत. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांना शिकवायला ती बाई अंगावर शेण झेलत गेली, असं भाषणात घसा ताणून सांगितलंत. आणि त्याच आठवड्यात वर्गाच्या ग्रुपमधून एकाला काढून टाकलंत. कारण काय, तर तो वर्गणी देऊ शकला नाही.

जूनमध्ये अकरावीचा ऑनलाइन अर्ज भराल, कॉलेजांचे पसंतिक्रम टाकाल. गुणवत्ता यादी तुमचे कंपू बघत नाही. नव्या वर्गात पहिल्या दिवशी दाराशी उभे राहाल तेव्हा कुणीतरी सरकून जागा द्यावी, असं तुम्हालाही वाटेल. या वर्गात तशी वाट बघणाऱ्यांना तुम्ही जागा दिलीत का, हे आत्ताच स्वतःला विचारा.

साडीची अट आजच्या आज मागे घ्या. आईची, मावशीची, कुठलीही चालेल. त्या मुलाला ग्रुपमध्ये परत घ्या. ज्यांना नावं ठेवलीत त्यांच्यासमोर जाऊन माफी मागा. मेसेज टाकून नाही, तोंडाने. कदाचित ते माफ करणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे, त्यावर तोंड वाकडं करायचं नाही. ‘आता शेवटच्या आठवड्यात काय फरक पडणार’ असं पुटपुटलेलं मला ऐकू आलं. पाचवीपासून ज्याला कुणी हाक मारली नाही, त्याचं एका हाकेने भरून येणार नाही. तरी ती मारायची, कारण इतकी वर्षं ते तुमचं काम होतं आणि तुम्ही ते केलं नाहीत. उठा, कामाला लागा.