मुक्या जनावराची फसवणूक

औषधाची बाटली आपण केवळ विश्वासावर विकत घेतो. भाजी हातात घेऊन पारखता येते, तांदळाचा दाणा चावून पाहता येतो. औषधाचे तसे नाही. लेबलवर जे छापले आहे तेच आत आहे, असे आपण धरून चालतो. माणसाला निदान दोन दिवसांनी सांगता येते, "डॉक्टर, गुण आला नाही." गाय, म्हैस, शेळी यांना तेही सांगता येत नाही. म्हणून जनावरांच्या बनावट औषधांचा प्रश्न केवळ पैशांचा किंवा कायद्याचा नाही. ज्याची फसवणूक झाली तो तक्रारच करू शकत नाही, अशा ठिकाणी आपला प्रामाणिकपणा किती टिकतो, हा खरा प्रश्न आहे.

जनावर दगावले की आपण काय म्हणतो? "आजार मोठा होता," "नशिबात नव्हते." क्वचितच कोणी म्हणतो की औषध खोटे असेल. खोटे औषध अशा रीतीने रोगाच्या आड लपते. मेलेली गाय पुरली जाते आणि तिच्याबरोबर पुरावाही पुरला जातो.

एक उदाहरण घेऊ या. गोचिडांमुळे गाईच्या रक्तात बबेसियोसिस नावाचा रोग शिरतो. ताप चढतो, लघवी लाल होते. त्यावर डिमिनाझिन हे औषध टोचतात. हेच औषध आफ्रिकेत त्सेत्से माशीमुळे होणाऱ्या 'नगाना' या गुरांच्या रोगावर १९५०च्या दशकापासून वापरले जाते. तिथे या रोगावर औषधे मोजकीच आहेत आणि गुराखी बहुधा बाजारातून पाकीट आणून स्वतःच टोचतात. टोगो, बेनिन अशा देशांतील बाजारांतून घेतलेली पाकिटे प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा त्यांतील कित्येकांमध्ये औषधाचे प्रमाण लेबलवर लिहिल्यापेक्षा कमी निघाले.

कोणी म्हणेल, निम्मे औषध तरी होते ना, काहीच नसण्यापेक्षा बरे! पण इथेच मोठा धोका आहे. पुडीत नुसते पीठ असेल, तर त्या एका जनावराचे नुकसान होते. औषध अर्धेच असेल, तर दुबळे जंतू मरतात आणि चिवट जंतू जगतात. तेच पुढे वाढतात, पसरतात. मग शेजाऱ्याने पदरमोड करून अस्सल औषध आणले तरी त्याचा गुण येईनासा होतो. अर्धसत्याचेही असेच असते. उघड खोटे लवकर पकडले जाते. अर्धे खरे मात्र खऱ्यावरचा विश्वासच मारून टाकते.

ही फसवणूक गोठ्यात थांबत नाही. कासेला सूज आली की गाईला प्रतिजैविके देतात. त्यानंतर ठरावीक दिवस तिचे दूध विकायचे नसते. पण बाटलीत नेमके काय आहे हेच ठाऊक नसेल, तर ते दिवस मोजायचे कसे? लेबल खोटे, म्हणून हिशेब खोटा. आणि ते दूध कोणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जाते.

मग दोष कोणाचा? बनवणाऱ्याचा तर आहेच. पण विकणारा म्हणतो, "वरून आले तसे विकले, आत काय आहे मला काय माहीत?" माहीत नसणे हा दोष नाही. परंतु माल निम्म्या भावात येतो, बिल मिळत नाही, तरीही विचारायचे नाही असे ठरवणे, याला अज्ञान म्हणता येणार नाही. 'मला माहीत नव्हते' आणि 'मला माहीत करून घ्यायचे नव्हते' ही दोन वाक्ये सारखी वाटतात. त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

गरिबाचे काय? ज्याच्या दारात एकच शेळी आहे आणि जनावरांचा दवाखाना लांब आहे, त्याने स्वस्त बाटली घेतली तर त्याला बोल लावणे बरे नव्हे. गरिबीमुळे तो फसला. पण त्याची गरिबी फसवणाऱ्याला निर्दोष ठरवत नाही. उलट त्याचे पाप वाढवते, कारण त्या घराचा एकुलता एक आधारच तो हिरावून घेतो. ज्यांना विचारणे परवडते, त्या आपण सर्वांनी म्हणूनच जास्त विचारले पाहिजे.

आपल्या देशात १९४०चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा जनावरांच्या औषधांनाही लागू आहे. २००८च्या दुरुस्तीनंतर बनावट औषध बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्यालाही किमान ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. पण कायद्याला तक्रार लागते, तक्रारीला पुरावा लागतो आणि मुके जनावर साक्ष देऊ शकत नाही. ती साक्ष आपणच द्यायची आहे.

त्यासाठी फार मोठे काही करायला नको. औषध जनावरांच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावे. बिल मागून घ्यावे व त्यावर बॅच नंबर लिहिला आहे की नाही ते पाहावे. सील, मुदत व उत्पादकाचा परवाना क्रमांक तपासावा. लस बर्फात ठेवलेली नसेल तर घेऊ नये. रिकामी बाटली लगेच फेकू नये. गुण आला नाही तर डॉक्टरांना सांगावे आणि संशय असल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करावी. एकट्याला जड वाटत असेल तर गावातल्या दूध संस्थेने पुढाकार घ्यावा.

गाय आपल्याकडे बिल मागत नाही. आपण टोचू ते ती मुकाट्याने टोचून घेते. तिच्या त्या विश्वासाला आपण पात्र आहोत का, हे आपण दुकानाच्या काउंटरवर उभे असतानाच ठरते.