वाट जुनी, पाऊल आपले

आमच्या अकरा वर्षांच्या नातीने एक गोष्ट लिहून मोठ्या आशेने वही आमच्या हाती दिली. पोरका मुलगा, डोंगरावरील जादूचे विद्यालय, कडक शिक्षिका, दडून बसलेला शत्रू. चार पाने वाचून आम्ही म्हणालो, "अगं, ही तर हॅरी पॉटरची नक्कल!" तिने वही मिटली, ती पुन्हा उघडली नाही. तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडीत नाही. परिचित सामग्री वापरणे म्हणजे चोरी काय?

तसे असेल, तर रोलिंगबाईही सुटणार नाहीत. त्यांची पहिली कादंबरी १९९७ची. वसतिगृहाची शाळा, जिवलग मित्र, दांडगाई करणारा विद्यार्थी, आदरणीय मुख्याध्यापक हा सारा साज टॉमस ह्यूज यांच्या १८५७ मधील 'टॉम ब्राउन्स स्कूलडेज'मध्ये आहे. जादूची शाळाही नवी नव्हती. अर्सुला ल ग्विन यांनी ती १९६८ साली रोक बेटावर वसविली होती. जिल मर्फी यांची 'द वर्स्ट विच' १९७४ साली निघाली. ती लिहावयास त्यांनी स्वतः शाळेत असतानाच घेतली होती.

साज एक असला तरी प्रश्न मात्र एक नाही. ल ग्विन यांचा गेड ईर्ष्येपोटी निषिद्ध विद्या वापरतो, त्यातून एक छाया मोकाट सुटते आणि अखेरीस तिला तो स्वतःच्याच नावाने हाक मारतो. शत्रू बाहेर नसतोच. मर्फी यांची मिल्ड्रेड धांदरट आहे. अशा मुलीलाही शाळेत मानाची जागा आहे काय, हा तिथला प्रश्न. रोलिंग यांचा हॅरी जादूच्या टोपीला मनोमन विनवितो की मला स्लिदरिनमध्ये घालू नकोस. अंगच्या शक्तीहून माणसाची निवड मोठी, असे ती कथा सांगते.

आपल्याकडे कच संजीवनी विद्येसाठी शुक्राचार्यांचा शिष्य झाला. महाभारतातील ही सर्वश्रुत कथा घेऊन खाडिलकरांनी १९१३ साली 'विद्याहरण' रंगभूमीवर आणले आणि आचार्यांच्या मद्यपानावर बोट ठेवले. त्यास नक्कल म्हणणे आमच्या स्वप्नातही येत नाही. मग नातीला वेगळा न्याय का?

उसनवारी सदैव निर्दोष असते, असे आमचे म्हणणे नाही. ल ग्विन यांनी रोलिंग यांच्यावर चोरीचा आरोप केला नाही. पूर्वसूरींविषयी अधिक औदार्य दाखवावयास हवे होते, एवढेच त्या म्हणाल्या. ऋण मान्य करावे, हा पहिला धर्म. दुसरा धर्म आम्हांस सरकारी नोकरीने शिकविला. आम्ही जन्मभर जुन्या टिपणीवरून नवी टिपणी लिहिली. मसुदा तोच असे. पण अर्जदाराचे प्रकरण नीट वाचले तर निर्णय आपला होई, न वाचता उतरविले तर ती नक्कलच.

नातीच्या वहीबाबत आम्ही नेमके हेच केले. प्रकरण न वाचताच निर्णय दिला. परवा तिची क्षमा मागून पुढे काय होते ते विचारले. तिच्या विद्यालयात प्रत्येक मंत्राच्या बदल्यात एक आठवण द्यावी लागते; शेवटचा मंत्र आईच्या आवाजाची आठवण मागतो, आणि तो मुलगा शाळा सोडतो.

हे पाचव्या पानापासून पुढे होते. आम्ही चारच पाने वाचली होती.